कापूस-तुरीच्या मुलखात परराष्ट्र धोरण आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा कशी शिकवावी?

वाशीम जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए.च्या वर्गाला 'आंतरराष्ट्रीय सुरक्षा' आणि 'भारताचे परराष्ट्र धोरण' हे दोन पेपर त्यांना प्रथमच शिकवायचे आहेत. विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले आणि बहुतेक शेतकरी कुटुंबांतले आहेत; इंग्रजी संदर्भग्रंथ वाचण्याची त्यांना सवय नाही आणि ते ग्रंथालयात फारसे उपलब्धही नाहीत. सिद्धान्त शिकवायला घेतले की वर्ग गप्प बसतो आणि नोट्स मागतो. पाकिस्तान किंवा चीनचा विषय निघाला की तोच वर्ग टीव्हीवरच्या चर्चेसारखा पेटतो. अशा स्थितीत सिद्धान्त गाळून चालू घडामोडींवर भर द्यावा का, इंग्रजीचे काय करावे आणि शिक्षकाने स्वतःचे मत वर्गात सांगावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मॅडम, यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात मी हेच विषय बरीच वर्षे शिकवत आलो आहे, त्यामुळे आपण वर्णन केलेला वर्ग माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. आपले प्रश्न वेगवेगळे दिसत असले, तरी त्यांच्या मुळाशी मला एकच अडचण दिसते. गप्प बसून नोट्स उतरवणे आणि पाकिस्तानचे नाव निघताच आवाज चढवणे या दोन्ही वेळी विद्यार्थी परराष्ट्र धोरणाकडे कोणीतरी आधीच तयार करून ठेवलेले मत म्हणून पाहत असतो. एकदा ते मत गाईडमधून येते, एकदा पडद्यावरून येते, एवढाच फरक. प्रत्यक्षात परराष्ट्र धोरण म्हणजे ठरावीक माणसांनी, ठरावीक तारखेला, अपुऱ्या माहितीच्या आधारे आणि अनेक बाजूंनी हात बांधलेले असताना घेतलेले निर्णय असतात. ते निर्णय उलगडून पाहायला विद्यार्थ्याला शिकवणे हेच आपले काम आहे, आणि आपल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे मला याच जागेवरून द्यावीशी वाटतात.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे स्पष्ट करतो. अभ्यासक्रम आणि अंतिम परीक्षेची प्रश्नपत्रिका विद्यापीठाची असते, त्यामुळे 'शीतयुद्धोत्तर काळातील सुरक्षेच्या बदलत्या संकल्पनेची चर्चा करा' अशा प्रश्नाला उत्तर लिहिण्याची तयारी आपल्याला करून घ्यावीच लागेल. वर्गात आठ विद्यार्थी असतील तर मी खाली सांगतो ते सर्व जमेल. चाळीस असतील तर गट पाडावे लागतील. तासिका तत्त्वावर काम करताना पुढच्या सत्रात हाच पेपर आपल्याकडे राहील याची खात्री नसते, म्हणून एकाच सत्रात पार पडेल तेवढेच हाती घ्यावे. आणि दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू झाली की उपस्थिती उतरते, हे तर आपण पाहतच असाल. चर्चेचे आणि गटकार्याचे तास मी त्यापूर्वी घेतो. एकट्याने वाचता येईल असा भाग वेचणीच्या दिवसांसाठी ठेवतो.

आता सुरुवात कुठून करावी. मी तुरीपासून करतो. आपल्या जिल्ह्यांत सोयाबीन आणि कापसाबरोबर तूर प्रत्येक घरात माहीत असते, त्यामुळे पहिल्या तासाला कोणी गप्प राहत नाही. फळ्यावर मी फक्त काही नोंदी लिहितो. २०१५ च्या अखेरीस तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांच्या आसपास गेली. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्यात भारताने मोझांबिकबरोबर करार केला, की त्या देशातून दरवर्षी एक लाख टनांपासून वाढत दोन लाख टनांपर्यंत तूर पाच वर्षे आणली जाईल. त्याच खरिपात आपल्याकडे तुरीचे भरघोस पीक आले. बोनस धरून हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता, आणि २०१७ च्या आरंभी व्यापारी त्याहून बरेच कमी देत होते. शासकीय खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या आणि बारदाना (तूर भरायची पोती) संपला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. परंतु सरकारने इतर देशांशी केलेल्या करारांखाली येणारी तूर त्या मर्यादेतून वगळली.

येथे थांबून मी एकच प्रश्न विचारतो: देशातला शेतकरी अडचणीत असताना मोझांबिकला दिलेला शब्द सरकारने का पाळला? पहिली उत्तरे रागाची असतात, आणि तो राग खरा असतो, कारण बारदान्यासाठी वडिलांबरोबर रात्र काढलेली मुले त्या वर्गात बसलेली असतात. राग थोडा ओसरला की कोणीतरी म्हणते की शब्द मोडला तर पुढच्या वर्षी टंचाई आली तेव्हा कोण तूर देईल. दुसरे कोणी विचारते की मोझांबिक आपल्याला एवढा महत्त्वाचा का आहे. मग नकाशा काढावा. मोझांबिक हिंदी महासागराच्या पश्चिम काठावर आहे. त्याच्या उत्तरेकडील रोवुमा खोऱ्यातील एका मोठ्या नैसर्गिक वायू क्षेत्रात भारताच्या तीन सार्वजनिक तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे. त्याच भागातील काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून सशस्त्र बंडखोरी सुरू झाली. मार्च २०२१ मध्ये बंडखोरांनी पाल्मा या गावावर हल्ला केला आणि पुढच्याच महिन्यात फ्रेंच चालक कंपनीने आपल्या आवाक्याबाहेरची परिस्थिती असल्याचे जाहीर करून प्रकल्पाचे काम थांबवले.

एवढ्यात काय काय येऊन गेले ते पाहा. देशांतर्गत हितसंबंध आणि बाहेर दिलेली वचने यांतला ताण आला, राष्ट्राची पत आली, ऊर्जासुरक्षा आली, सागरी भूगोल आला, राज्यसंस्थेच्या बाहेरचे सशस्त्र गट आले. अभ्यासक्रमातील निम्मी शीर्षके विद्यार्थ्यांनी ती शीर्षके न ऐकताच हाताळलेली असतात. दुसऱ्या तासाला मी अभ्यासक्रमाची छापील प्रत वाटतो आणि कालच्या चर्चेतला कोणता भाग कोणत्या घटकात बसतो ते त्यांनाच पेन्सिलीने लिहायला लावतो.

मात्र तुरीपाशी आठवडाभराहून अधिक थांबू नये. ग्रामीण विद्यार्थ्याला सगळे त्याच्या शेताशी जोडूनच शिकवावे असा एक आग्रह अलीकडे बळावला आहे आणि तो मला मान्य नाही. हमीभाव, पामतेलावरील आयातशुल्क, बांगलादेशाने वाढवलेला संत्र्यावरचा कर आणि त्याने वरूड-मोर्शीच्या बागायतदाराचे झालेले नुकसान हे सर्व उत्तम प्रवेशद्वार आहे. परंतु दिल्ली किंवा मुंबईच्या विद्यार्थ्याला अण्वस्त्रप्रसार, सुरक्षा परिषदेतील नकाराधिकार आणि तैवानची सामुद्रधुनी शिकवायची आणि आपल्या मुलांना फक्त तूर व संत्री, असे झाले तर तो आपल्या मुलांवर अन्याय होईल. त्यांना संपूर्ण विषय मिळाला पाहिजे, अवघड भागासह.

यावरून सिद्धान्तांचा प्रश्न येतो. सिद्धान्त गाळू नका. त्यांची जागा बदला. वास्तववाद (सत्तेवर भर), उदारमतवाद (संस्था व सहकार्यावर भर), रचनावाद (कल्पना व ओळखींवर भर) अशा क्रमाने पहिले दोन महिने घालवले की विद्यार्थी व्याख्या पाठ करतो, त्या कशासाठी आहेत हे त्याला कळत नाही. आधी एखादा निर्णय समोर ठेवावा, त्याची दोन-तीन वेगवेगळी स्पष्टीकरणे वर्गातूनच येऊ द्यावीत आणि मग सांगावे की तुम्ही आत्ता जे म्हणालात त्याला अभ्यासक वास्तववादी स्पष्टीकरण म्हणतात, आणि तुमच्या शेजारचा जे म्हणाला त्याला उदारमतवादी. 'शब्द मोडला तर पुढे कोण तूर देईल' असे म्हणणाऱ्याने संस्था, करार आणि परस्परावलंबन यांचा मुद्दा मांडलेला असतो. 'मोझांबिकचा समुद्र आपल्या हातचा जाईल' म्हणणाऱ्याने सत्तेचा. आपल्या वाक्याला नाव मिळाले की ते नाव विद्यार्थी विसरत नाही.

सुरक्षेच्या पेपरातील सर्वांत महत्त्वाची संकल्पना म्हणजे सुरक्षेची कोंडी. एका राष्ट्राने केवळ बचावासाठी केलेली तयारी दुसऱ्याला धोका वाटते, तो तयारी वाढवतो, आणि शेवटी दोघेही आधीपेक्षा असुरक्षित होतात. ही एकच संकल्पना मी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणावरून समजावतो. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी एकाने धुऱ्यालगत तारांचे कुंपण घातले. शेजाऱ्याला वाटले की हा धुरा सरकवतो आहे. त्याने आपल्या बाजूने खांब रोवले. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. हे सर्वांना लगेच पटते, पण खरा धडा पुढे आहे. आपल्याकडे वाद चिघळला तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आहे, तहसीलदार आहे, ठाणे आहे, न्यायालय आहे. दोन राष्ट्रांच्या वर असे कोणीही नाही. सुरक्षा परिषदेत पंधरा सदस्य असले तरी पाच स्थायी सदस्यांपैकी एकानेही नकार दिला की ठराव पडतो. वर कोणी नसणे म्हणजे काय, हे कळले की अराजकाची कल्पना वेगळी शिकवावी लागत नाही. त्यानंतर लडाखकडे वळावे. दरबुक-श्योक-दौलत बेग ओल्डी हा सुमारे २५५ किलोमीटरचा रस्ता आपल्या दृष्टीने आपल्याच सैनिकांपर्यंत रसद पोहोचवण्याचा मार्ग आहे. पलीकडून तोच रस्ता काराकोरम खिंडीच्या दिशेने सरकणारी हालचाल दिसतो. तिबेटमधील चिनी रस्ते आणि धावपट्ट्या यांच्याबाबतीत आपल्याला नेमके उलटे वाटते. ही कोंडी प्रत्येक वेळी लागू पडते असे नाही. काही राष्ट्रांचा हेतू खरोखरच आक्रमक असतो, आणि तो केव्हा आहे हे ओळखण्याचा खात्रीचा मार्ग नसणे हीच या विषयाची खरी अडचण आहे. विद्यार्थ्यांना ते तसेच सांगावे.

इंग्रजीबद्दल माझा अनुभव असा की अडचण भाषेपेक्षा लांबीची असते. तीनशे पानांचा ग्रंथ आपला विद्यार्थी वाचणार नाही, पण अर्ध्या पानाचे मूळ कलम तो शब्दकोश घेऊन नक्की वाचतो, आणि त्याला त्याचा अभिमानही वाटतो. म्हणून ग्रंथांऐवजी मूळ कागद आणावेत. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर करार, निवेदने आणि वार्षिक अहवाल आहेत. लोकसभेतील जुन्या चर्चाही संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मिळतात. पार्श्वभूमीसाठी मराठी विश्वकोश मोबाइलवर विनामूल्य वाचता येतो. मी एका कागदाचे एकच कलम झेरॉक्स करून देतो, दोघा-दोघांना वर्गातच वाचायला लावतो आणि चर्चा पूर्णपणे मराठीत घेतो. घरी वाचून या असे सांगण्यात अर्थ नाही. शेवटच्या एसटीने घरी पोहोचलेल्या मुलीला संध्याकाळी वाचनासाठी वेळ मिळेलच असे नाही.

एका कागदाचे उदाहरण सविस्तर देतो. १५ जून २०२० च्या रात्री लडाखमधील गलवान खोऱ्यात चिनी सैनिकांशी झालेल्या झटापटीत आपले वीस सैनिक हुतात्मा झाले. विद्यार्थी दरवर्षी विचारतात, गोळी का चालवली नाही? याचे उत्तर मी देत नाही. २९ नोव्हेंबर १९९६ च्या भारत-चीन कराराचे सहावे कलम देतो. प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत कोणत्याही बाजूने गोळीबार करू नये, सुरुंगस्फोट करू नयेत, बंदुकीने शिकार करू नये, असे त्यात म्हटले आहे. शिकारीचा उल्लेख वाचून वर्ग थबकतो, कारण करार किती बारकाईने लिहिले जातात हे त्यांनी प्रथमच पाहिलेले असते. मग प्रश्न आपोआप येतात. हा करार कोणत्या परिस्थितीत झाला? त्यामुळे चोवीस वर्षे काय टळले? १९९६ मध्ये मान्य असलेला संयम २०२० मध्ये अपुरा का पडला? स्वसंरक्षणाची मुभा कुठपर्यंत असते? ज्याच्या मनात सुरुवातीला फक्त संताप होता, तो तासाच्या शेवटी कलमातील शब्दांवर वाद घालत असतो. संताप गेलेला नसतो, आणि तो जावा अशी माझी अपेक्षाही नाही.

याच धर्तीचे दुसरे दोन कागद सुचवतो. एकमेकांच्या अणुप्रतिष्ठानांवर हल्ला न करण्याचा करार भारत-पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुप्रतिष्ठानांच्या याद्या एकमेकांना देत आले आहेत. संसदेवरील हल्ल्यानंतर दोन्ही सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी होती, त्या २००२ च्या १ जानेवारीलाही याद्या दिल्या गेल्या. शत्रुत्व आणि सहकार्य एकाच वेळी कसे नांदते, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण माझ्या माहितीत नाही. दुसरा कागद म्हणजे युक्रेनवरील आक्रमणानंतर २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत झालेले मतदान: बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. आकडे सांगण्यापूर्वी भारत, पाकिस्तान, चीन, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांनी काय केले असेल ते विद्यार्थ्यांना वहीत लिहायला सांगावे. भारत, पाकिस्तान, चीन आणि बांगलादेश तटस्थ राहिले आणि नेपाळ व भूतान यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले, हे कळल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती नोट्स मागणाऱ्या वर्गाची नसते. त्यानंतर भारताचे मतदानाविषयीचे निवेदन वाचायला द्यावे.

मराठीतला एक कागदही अवश्य घ्यावा. अठराव्या शतकाच्या आरंभीचे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आपल्याकडे बहुधा इतिहासाच्या किंवा भाषेच्या वर्गात वाचले जाते, पण त्यातील टोपीकरांविषयीचा भाग सुरक्षेच्या पेपरात बसतो. फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) हे टोपीकर सावकार, म्हणजे व्यापारी, असले तरी इतर सावकारांसारखे नव्हेत, कारण त्यांच्या मागे राज्यसत्ता उभी आहे. म्हणून त्यांना व्यापार करू द्यावा, पण किनाऱ्यालगत ठाणे मजबूत करायला जागा देऊ नये, असा त्याचा आशय आहे. श्रीलंकेने २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर एका चिनी सरकारी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले, त्या घटनेशेजारी हा उतारा ठेवला की आर्थिक गुंतवणूक आणि सुरक्षा यांचा संबंध विद्यार्थी स्वतःच्या भाषेतल्या जुन्या गद्यातून मांडू लागतात.

आता पेटणाऱ्या वर्गाविषयी. आपल्या प्रश्नातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या वर्गातील कोणाचा भाऊ सैन्यात असेल, कोणी अग्निवीर भरतीत धावून आलेला असेल, कोणाचे काका पुलगावच्या दारूगोळा भांडारात किंवा भंडारा-चांद्याच्या आयुधनिर्माणीत असतील. सुरक्षा हा त्यांच्यासाठी घरचा विषय आहे, त्यामुळे 'भावनेने बोलू नका' असे सांगणे चूक आहे आणि निरुपयोगीही आहे. मी एवढाच नियम ठेवतो, की विधान करताना तारीख किंवा कागद सांगावा. दोन्ही नसतील तर 'मला असे वाटते' असे म्हणून बोलावे. दुसरा उपाय म्हणजे विद्यार्थ्याला समोरच्याच्या जागी बसवणे.

त्यासाठी मी कारगिल संघर्षातला मे १९९९ चा शेवटचा आठवडा निवडतो. वर्गाचे गट पाडतो: भारताची मंत्रिमंडळ समिती, पाकिस्तानचे पंतप्रधान आणि सेनाप्रमुख, अमेरिकेचे प्रशासन, आणि दोन वार्ताहर. प्रत्येक गटाला एक कागद मिळतो, आणि त्यावर त्या दिवशी त्या गटाला जे माहीत असू शकत होते तेवढेच असते. भारतीय गटाला माहीत असते की फेब्रुवारीत लाहोर जाहीरनामा झाला, गेल्या वर्षी दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या, कारगिलच्या शिखरांवर घुसखोर आहेत, पण ते किती आहेत आणि नेमके कोण आहेत हे पुरते स्पष्ट नाही. प्रश्न असा: हवाई दल वापरायचे का, आणि नियंत्रण रेषा ओलांडायची का? पहिल्या फेरीत भारतीय गट जवळपास नेहमीच 'ओलांडायची' म्हणतो. मग मी दुसरी चिठ्ठी देतो: २७ मे, दोन विमाने गमावली, एक वैमानिक पाकिस्तानच्या ताब्यात. आता काय? एकीकडे रेषा ओलांडण्याचा आग्रह आणखी वाढतो, दुसरीकडे अमेरिकी गट सांगतो की रेषा ओलांडली नाही तर जग तुमच्या बाजूने राहील. पाकिस्तानी गटातील मुले सुरुवातीला ओशाळवाणी बसलेली असतात, पण सेनाप्रमुखाला काय माहीत होते आणि पंतप्रधानाला काय सांगितले गेले होते, या प्रश्नाने त्यांच्यातच भांडण जुंपते, आणि राष्ट्र म्हणजे एकच डोके नसते हे त्यांना कळते. शेवटी प्रत्यक्षात काय घडले ते मी सांगतो: हवाई दल २६ मेपासून उतरले, रेषा ओलांडायची नाही हा निर्णय शेवटपर्यंत टिकला, आणि ४ जुलैला वॉशिंग्टनमध्ये पाकिस्तानच्या पंतप्रधानांना माघारीचे आश्वासन द्यावे लागले. त्या संयमाची किंमत उंच कड्यांवर समोरून चढाई करणाऱ्या सैनिकांनी मोजली, हेही मी त्याच तासाला सांगतो. ते न सांगता संयमाचे गुणगान करणे अप्रामाणिक ठरेल.

समोरच्याच्या जागी बसणे म्हणजे समोरच्याची बाजू घेणे नव्हे, हे आधीच स्पष्ट केलेले बरे; गावात गोष्टी लवकर पसरतात आणि पालकांपर्यंत भलत्याच रूपात पोहोचतात. मी वर्गाला सांगतो की शत्रू काय करील याचा अंदाज ज्याला बांधायचा आहे, त्याला शत्रूच्या खुर्चीतून पटावर नजर टाकावीच लागते.

अगदी ताज्या घटनांबाबत मी हात राखून शिकवतो. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर ७ ते १० मे दरम्यान जो संघर्ष झाला, त्याच्या लष्करी तपशिलांवर वर्गात निवाडा करण्याइतके कागद आपल्यापाशी नाहीत. पण २३ एप्रिलला भारताने सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवला, आणि तो १९६० चा करार संपूर्ण वाचता येतो. रावी, बियास व सतलज भारताकडे. सिंधू, झेलम व चिनाब यांचा मुख्य वापर पाकिस्तानकडे. आणि बाराव्या कलमानुसार दोन्ही सरकारांनी नवा करार करून संपवेपर्यंत हा करार चालू राहील. मग 'स्थगित' या स्थितीला करारात कुठे आधार आहे का, हा पहिला प्रश्न. आणि 'उद्यापासून पाणी बंद' असे जे टीव्हीवर ऐकले ते शक्य आहे का, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नावर आपल्या विदर्भातील विद्यार्थी महानगरातील विद्यार्थ्यापेक्षा चांगले बोलतो. गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले आणि कालव्यांची कामे दशकानुदशके रेंगाळली, हे त्याला माहीत असते. धरण, साठवणक्षमता आणि कालवे नसताना नदी अडवता येत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तेथून तो स्वतःच या निष्कर्षावर येतो की घोषणेचा तात्काळ परिणाम पाण्यावर कमी आणि पाकिस्तानच्या नियोजनावर व वाटाघाटींवर अधिक असणार.

गडचिरोलीजवळच्या महाविद्यालयांत अंतर्गत आणि बाह्य सुरक्षेची सीमारेषा हा मोठा विषय होऊ शकेल. आपल्या वाशीममध्ये त्याला एखादा तास पुरेल.

मूल्यमापनाबाबत एक ठोस सूचना करतो. अंतर्गत गुणांसाठी इंटरनेटवरून उतरवलेला प्रकल्प घेऊ नये. त्याऐवजी वर्गातच बसून, हाताने, एका पानाचे टिपण लिहून घ्यावे, जणू विद्यार्थी परराष्ट्रमंत्र्यांना सल्ला देत आहे. त्यात निश्चित माहिती काय आहे, पर्याय कोणते, त्यांपैकी कोणता सुचवला आहे, आणि त्या पर्यायावरील सर्वांत बळकट आक्षेप कोणता, एवढे असावे. आक्षेपाला मी सर्वाधिक गुण ठेवतो, कारण पाठांतराने तो लिहिता येत नाही. अशी पाच-सहा टिपणे लिहिलेला विद्यार्थी विद्यापीठाच्या दीर्घोत्तरी प्रश्नाला घाबरत नाही, कारण त्याच्यापाशी तारखा, कलमे आणि दोन बाजू असतात. नेट-सेट किंवा लोकसेवा आयोगाच्या तयारीतही त्याला याचा उपयोग होतो. सत्राच्या शेवटी जे सिद्धान्त कोणत्याही उदाहरणातून आले नाहीत, त्यांच्यासाठी सरळ दोन-तीन व्याख्याने द्यावीत आणि नोट्सही द्याव्यात. परीक्षेची भीती खरी असते. ती कमी करणे हेही शिक्षकाचे कर्तव्य आहे.

राहिला स्वतःचे मत सांगण्याचा प्रश्न. चर्चा सुरू असताना सांगू नये, कारण आपल्याकडे शिक्षकाचा शब्द अजून जड असतो आणि तो एकदा पडला की उरलेला वर्ग त्याच्या मागे रांग लावतो. पण विद्यार्थ्यांनी टिपणे जमा केल्यानंतर विचारले, तर टाळू नये. टाळणाऱ्या शिक्षकाविषयी मुले आपापला तर्क लावतात, आणि ज्याने वर्षभर त्यांच्याकडून ठाम शिफारस मागितली त्याने स्वतः मौन धरणे उचित नाही. मी माझे मत त्याच एका पानाच्या साच्यात मांडतो, स्वतःवरच्या आक्षेपासह, आणि तो आक्षेप पुरेसा बळकट आहे की नाही हे तपासून गुण देण्याचे काम वर्गावर सोपवतो.